केसालाही धक्का न लागता

"त्यांना 'बसा' म्हणण्याआधी खुर्ची दाखवावी," असे इमारतीतले शेजारी एका गृहस्थांविषयी म्हणत. "नाहीतर माणूस उभाच राहतो आणि विचारतो, कुठे?" कोणी म्हणे, त्यांच्या कानावर काही घालू नये, ते कान पुसतात. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. मुलांकडून वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करून घेण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी या गृहस्थांना 'अक्षरशः' असे नाव ठेवले आणि ते असे चिकटले की इमारतीतली लहान मुलेही त्यांना अक्षरशःकाका म्हणू लागली. काकांनी त्याला हरकत घेतली नाही. शब्द बरोबर आहे, एवढेच ते म्हणाले.

त्यांची नोकरी यंत्रांच्या सुट्या भागांच्या कोठारात झाली. जाळीच्या खिडकीआड ते बसत आणि त्या खिडकीचा नियम एकच होता : जुना जमा करा, नवा घ्या. झिजलेला भाग हातात ठेवल्याशिवाय त्यांनी कोणाला नवा दिला नाही. यंत्रातून काढलेला भाग मालकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय भंगारातही टाकू दिला नाही. एकदा एक मेकॅनिक धावत आला आणि म्हणाला, "काका, लवकर द्या, तिकडे साहेब माझा जीव घेतायत." काका खिडकी बंद करून पहारेकऱ्याला बोलवायला गेले.

काकू नेमक्या उलट. रुग्णालयात परिचारिका म्हणून त्यांनी आयुष्य काढले होते आणि त्यांचे एकही वाक्य सरळ रस्त्याने घरी पोहोचत नसे. त्या म्हणत, "माझा अंत पाहू नका," आणि काका म्हणत, "मी पेपर पाहतोय." हा संसार इतकी वर्षे कसा टिकला, हे इमारतीला कोडेच होते. शिक्षिकाबाईंचे मत असे, की काकूंना ऐकणारा हवा होता आणि काकांना बोलणारी. दोघांनाही तेवढे मिळाले, फक्त मधला अर्थ वाटेत सांडत राहिला.

निवृत्तीनंतर घरात मांजर आले. काकू तिला बाईसाहेब म्हणत. करड्या रंगाची, रुंद गालफडांची, गुबगुबीत अशी ती मांजर होती. केस तोकडे, पण इतके दाट, की बोट खुपसले तर कातडी कुठे सुरू होते ते समजू नये. वरचा थर जरा राठ, आणि त्याच्या आत पिंजलेल्या कापसासारखी लव. रोज सकाळी काकू तिला खिडकीपाशी स्टुलावर बसवत आणि रबरी दातांचा ब्रश घेऊन तिच्याशी गप्पा मारत. पेपरामागे बसलेल्या काकांची समजूत अशी, की हे कौतुक चालले आहे. केस विंचरणे हा विषय त्यांच्या आयुष्यातून फार पूर्वी निघून गेला होता. त्यांच्या डोक्यावर केस कधी होते, हे काकूंनाही आठवावे लागे.

पुढे लांबच्या गावी राहणारी काकूंची धाकटी बहीण स्टुलावरून पडली, तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि काकू तिच्याकडे जायला निघाल्या. बॅग भरता भरता त्यांनी विचारले, "मी नसताना माझी आठवण येईल का हो?"

काकांनी विचार केला. "काही सापडलं नाही तर येईल," ते म्हणाले. "डबे कुठे ठेवलेत ते सांगून जा."

काकूंनी बॅगेची चेन अशी ओढली की ती तुटली. बॅगेला दोरी बांधून त्या दारात उभ्या राहिल्या. "बाईसाहेबांकडे नीट बघा," त्या म्हणाल्या. "तिच्या केसालाही धक्का लागला, तर मी या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. सांगून ठेवते. जाते मी."

काकांचा चेहरा उजळला. माणसे घराबाहेर पडताना 'येतो' म्हणतात, याचा त्यांना जन्मभर त्रास झाला होता. विमा एजंट एकदा जाताना 'येतो' म्हणाला, तर काका दार उघडे ठेवून त्याच्यासाठी जेवायचे थांबले होते. आज प्रथमच त्यांच्या घरातून कोणी योग्य क्रियापद वापरून बाहेर पडत होते.

"बरोबर," ते म्हणाले.

समोरच्या घरातले शिलाई मशीन थांबले. तिथे एक शिंपी राहत असे आणि घरातच काम करत असे. त्याचे दार उघडे होते आणि त्याने सगळे ऐकले होते. काकू जिना उतरून गेल्या, तरी बराच वेळ ते मशीन सुरू झाले नाही.

काकांनी सूचनांची अंमलबजावणी सुरू केली. 'नीट बघा' असे सांगितले होते, म्हणून त्यांनी मांजरासमोर खुर्ची मांडली आणि बघत बसले. केसाला धक्का लागायला नको, म्हणून पंखा बंद केला. वाऱ्याने केस हलतात, म्हणून खिडक्याही लावल्या. बाईसाहेब अंग घासायला जवळ आल्या की ते दोन्ही पाय वर उचलत. मग त्या टेबलाच्या पायाला अंग घासत. तो धक्का कोणाच्या हिशेबी, हा प्रश्न पडला. मांजराने स्वतःहून घेतलेला धक्का धरू नये, असे त्यांनी ठरवले.

हवा तापू लागली होती. खेडेगावात जनावरे या दिवसांत केस टाकतात आणि गोठ्यात कोणाला त्याचे काही वाटत नाही. पण चार भिंतींच्या खोलीत, खिडक्या लावून, एका दाट केसांच्या मांजराने हेच आरंभले की घरात वेगळेच हवामान तयार होते. करड्या लवेचे पुंजके कपाटाखालून हळूहळू प्रवास करू लागले. चहावर लव, उशीवर लव, काकांच्या चष्म्यावर लव. बाहेर पडायचे ते बाहेर पडत होते. पण त्याहून जास्त आतच अडकून बसले होते, कारण वरच्या दाट थरातून सुटलेल्या लवेला वाट मिळत नव्हती. बाईसाहेबांचा आकार वाढत गेला. अंगावर गुठळ्या आल्या, बगलेत गाठी झाल्या. त्या दिवसभर स्वतःला चाटत आणि मग खोकत. एका सकाळी त्यांनी काकांच्या सपातेवर ओल्या केसांची एक लांबट सुरळी ओकली. काकांना तो उंदीर वाटला. त्यांनी तो कागदात गुंडाळून, काकूंना दाखवण्यासाठी, वेगळा ठेवला.

मग बाईसाहेबांनी खाणे सोडले. आणि तिकडे मेहुणीचा गुडघा बरा झाल्याची बातमी येऊनही काकू आल्या नाहीत.

काकांनी शिंप्याला जिन्यात गाठले. "गुडघा बरा झाला. मग ही का येत नाही?"

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. "काका, रागवू नका. काकू जाताना काय म्हणाल्या, आठवतंय?"

"जाते म्हणाली. बरोबर होतं ते."

"बरोबर होतं म्हणूनच तर घोटाळा झाला! घरचं माणूस 'जाते' म्हणून जात नाही. मी कोपऱ्यावर दोरा आणायला गेलो तरी बायकोला 'येतो' म्हणतो. 'जाते' म्हणजे..." त्याने पुन्हा टाचण्या तोंडात घालून वाक्य बंद केले.

"म्हणजे काय?"

"म्हंजे जाते," शिंपी टाचण्यांतून म्हणाला.

त्या दिवशी काका पेपर न उघडता बसून राहिले. काकू परत येण्याची आता एकच अट त्यांच्या हाती उरली होती, आणि ती समोर गादीवर पडून धाप टाकत होती. तिच्या केसाला धक्का लागता कामा नये.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचे तर उचलावे लागणार. काकांनी टोपली उघडून ठेवली, आत काकूंची जुनी शाल अंथरली आणि मांजर स्वतः जाऊन बसेपर्यंत वाट पाहिली. दुपार झाली, पण ती बसली.

डॉक्टरीणबाईंनी बाईसाहेबांना टेबलावर घेतले, पाठीवरचे केस दोन बोटांनी दुभंगले आणि काकांना जवळ बोलावले. "हे बघा. आतली लव सगळी सुटलीये आणि आतच बसलीये. चाटून चाटून पोटात जातेय. पोटातली बाहेर पडायला औषध देते, पण खरं औषध ब्रश आहे. केस तोकडे म्हणून लोकांना वाटतं, विंचरायला नको. कोणी विंचरत नाही का हिला?"

"विंचरायचं असतं?" काका म्हणाले.

"रोज, या दिवसांत तरी. आधी केसांच्या दिशेने, मग हलक्या हाताने उलटं, मग परत सुलटं. गाठी बोटांनी सोडवा, कात्री लावू नका. शेवटी ओला हात फिरवा, सुटे केस हाताला येतात."

"धक्का न लावता?"

"हळू लावा."

"हळू लागला तरी तो धक्काच."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "काका, धक्का लावला नाहीत तर मांजर हातची जाईल."

"हातात मी तिला घेतलेलीच नाही," काका म्हणाले. पण या वेळी बाईंचे म्हणणे त्यांना समजले होते, कारण घरी आल्यावर त्यांनी टोपलीही खाली ठेवली नाही आणि सरळ फोनकडे गेले.

फोन मेहुणीने उचलला. "भाऊजी! गुडघा छान आहे हो आता."

"बरं झालं. मी मांजरासाठी फोन केलाय."

पलीकडे रिसीव्हरवर हात ठेवल्याचा आवाज आला, पण हात नीट बसला नव्हता. "ताई, मांजरासाठी आहे म्हणे." मग लांबून काकूंचा आवाज : "असणारच!"

"तिला विचार," काका म्हणाले, "धक्का म्हणजे नेमका किती?"

"ताई, भाऊजी विचारतायत, धक्का म्हणजे किती?"

एक भांडे आदळले. "त्यांना विचार, लागलाय का?"

"भाऊजी, लागलाय का?"

काका खोटे बोलू शकत नव्हते. त्याचे वळणच त्यांच्या जिभेला नव्हते. "अजून नाही," ते म्हणाले. "उद्या लागेल."

पलीकडे एक कपाट उघडून आपटल्याचा आवाज आला. मग मेहुणी हळूच म्हणाली, "भाऊजी, ताई चपला शोधतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बाईसाहेबांना खिडकीजवळच्या स्टुलावर बसवले. हात साबणाने धुतले, पुसले. "लागणार आहे," त्यांनी मांजराला आधीच सांगितले. ब्रश पहिल्यांदा पाठीवर टेकवताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

काहीच झाले नाही. ब्रश सरळ शेपटीपर्यंत गेला आणि त्याच्या दातांत करड्या लवेचा एक पूर्ण गालिचा अडकून आला. त्यांनी तो सोडवून बाजूला ठेवला. दुसऱ्यांदा आणखी एक. हळूहळू त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ते थांबून स्वतःशीच हसले : जो केस सुटला होता तोच येत होता, आणि जो तिचा होता तो जागचा हलत नव्हता. कोठारातही तसेच असे. जो भाग निघायला तयार असतो तो बोटाने निघतो. ज्याला हातोडा मारावा लागतो, तो अजून यंत्राचा असतो. त्यांनी उलटे विंचरले, सुलटे विंचरले, गालांखाली, कानांमागे, शेपटीच्या मुळाशी. बगलेतल्या गाठी सोडवायला नाकावरून चष्मा ओघळेपर्यंत ते खाली वाकले, तेव्हा बाईसाहेबांनी एक पंजा त्यांच्या टकलावर रोवला आणि ते टक्कल मन लावून चाटायला सुरुवात केली. त्यांच्या मते तिथे बरेच काम बाकी असावे.

निघालेला एकही केस काकांनी टाकला नाही. मालकाला दाखवल्याशिवाय कसा टाकणार? सगळी लव त्यांनी बाईसाहेबांच्या उशीवर रचली. शेवटी ओला हात फिरवून झाला, तेव्हा स्टुलावर एक सडसडीत, चकचकीत मांजर बसली होती आणि उशीवर तिच्याहून मोठा ढीग. शिक्षिकाबाई विरजण मागायला आल्या, चष्मा घरी विसरल्या होत्या. त्यांनी ढिगाला कुरवाळून विचारले, "काय बाईसाहेब, मालकीणबाई कधी येणार?" आणि हाताला लव लावून वर गेल्या. मांजर फारच हलकी झाली आहे, असे त्यांनी सगळ्या इमारतीला सांगितले.

बाईसाहेबांनी वाटीभर खाल्ले. काकांनी वाटी धुतली आणि मग जिन्याच्या चौकात सामान काढायला लागले. दोन खुर्च्या. गुंडाळलेली अंथरुणे. स्टोव्ह, चहाचे भांडे, पाण्याची कळशी, आणि काकूंची गुडघे शेकायची रबरी पिशवी.

"काका, घर रंगवायला काढलं का?" शिंप्याने विचारले.

"नाही," काका म्हणाले. विचारले तेवढ्याचे उत्तर झाले होते.

दिवस कलता कलता काकू जिना चढून वर आल्या. बॅगेची दोरी सुटून मागे लोंबत होती. त्यांनी ते सामान पाहिले आणि रेलिंगला धरले. काका उंबऱ्याच्या आत उभे होते.

"थांब," ते म्हणाले. "पाऊल आत ठेवू नकोस."

"का? काय झालं?"

"केसाला धक्का लागला."

काकूंच्या हातून बॅग निसटली आणि चार पायऱ्या खाली गेली. "बाईसाहेब?"

काकांनी आत जाऊन उशी आणली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. काकूंनी त्या ढिगाला मिठी मारली. तो त्यांच्या हातांत दुभंगला, एक तुकडा छातीशी राहिला, दुसरा जिन्यावरून तरंगत खाली निघाला.

"अहो!" काकू किंचाळल्या. "सोललीत की काय तिला!"

सगळी दारे उघडली. त्याच वेळी, आवाजाला कंटाळून, बाईसाहेब बाहेर आल्या. उंबरा ओलांडून त्या सरळ एका खुर्चीवर चढल्या आणि पंजा चाटू लागल्या.

"ही कोण?" काकू म्हणाल्या.

"बाईसाहेब."

"ही? निम्मी आहे ही!"

"उरलेली निम्मी तुझ्या हातात आहे," काका म्हणाले.

काकूंनी हातातली लव तशीच पदरात घेतली आणि खुर्चीपाशी वाकल्या. परिचारिकेची बोटे होती ती. त्यांनी मांजराचे केस उलटे फिरवून कातडी पाहिली, कानांमागे पाहिले, बगलेत चाचपले. कुठेही गाठ नव्हती, ओरखडा नव्हता. त्यांनी मान वर केली. काकांच्या टकलावर मात्र पंजाचे ठसठशीत निशाण उमटले होते.

"कोणी विंचरलं हिला?"

"मी."

"तुम्ही?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाहीतर हातची जाईल. मग लावला धक्का. तुझी अट मोडली. आता तू आत येऊ शकत नाहीस."

"अहो, मी काय खरंच..." काकूंचे लक्ष दुसऱ्या खुर्चीकडे गेले, अंथरुणांकडे, रबरी पिशवीकडे. "आणि हे सगळं बाहेर का मांडलंय? मला इथूनच परत पाठवायचं होतं, तर एक खुर्ची पुरली असती!"

"घरात पाऊल ठेवणार नाही, असं म्हणाली होतीस," काका म्हणाले. "जिन्यात राहणार नाही, असं नाही म्हणालीस. तू बाहेर राहणार, म्हणून मी माझं अंथरूणही काढलं."

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून खिशात टाकल्या आणि खाली जाऊन काकूंची बॅग उचलून आणली. काकू लवेने भरलेला पदर सांभाळत त्या दुसऱ्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी काकांकडे पाहिले.

"मी माझा शब्द मागे घेते," त्या म्हणाल्या.

"नुसता मागे घेऊन चालत नाही. जुना जमा कर, मग नवा घे."

"खिडकी उघडलीत का इथेही?" काकू म्हणाल्या, पण त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता. त्यांनी पदरातली सगळी लव काकांच्या हातात ठेवली. "हा घ्या जुना. केसाबिसांचं जे काय म्हणाले, ते जमा. आता नवा ऐका. बाईसाहेबांच्या केसांना रोज सकाळी धक्का लागला पाहिजे, आणि तो तुम्हीच लावायचा. आणि मी माझ्या घरात राहणार. चालेल?"

"चालेल," काका म्हणाले, पण दारातून हलले नाहीत. "आणखी एक आहे. पुन्हा कुठे निघालीस तर 'जाते' म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"येते म्हण."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, आयुष्यभर तुम्हीच डोकं उठवलंत माझं! चाललेल्या माणसाने 'येतो' म्हणणं चुकीचं आहे, म्हणून!"

"चुकीचंच आहे," काका म्हणाले. "तरी तू म्हण."